समोरच्या खोलीतली भिंत

अल्लीपूरच्या स्टँडवर वर्ध्याची गाडी उभी होती आणि आई खिडकीतून अजून सामान आत देत होती. गादीची वळकटी बाबांनी आधीच मागच्या सीटवर टाकली होती. डबा झाला, चिवड्याची पिशवी झाली, आणि शेवटी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं आलं. "हे खाली नोको ठेवजो, मांडीवर घेऊन बस. मोत्याचं तोरण हाय, तुटन." तोरणासोबत त्यात तिनं लोकरीनं विणलेला, फ्रेम केलेला गणपती होता आणि प्लॅस्टिकच्या गुलाबांची छोटी कुंडी होती. "भिंत रिकामी नोको ठेवजो बाई. रिकामी भिंत बोडकी दिसते." वर्ध्याला उतरून सावंगीचा ऑटो कोणत्या बाजूनं पकडायचा, हे बाबा मला पुन्हा पुन्हा समजावत होते. रडायला कोणालाच सवड मिळाली नाही. गाडी वळल्यावर मी मागे पाहिलं तेव्हा दोघंही घराकडे निघाले होते आणि आई बाबांना काहीतरी सांगत होती. बहुतेक काय द्यायचं राहिलं, तेच.

अल्लीपूर ते सावंगी याला स्थलांतर म्हणावं का, हे मला खरंच कळत नाही. सकाळच्या गाडीनं निघालं तर जेवायला पोचता येतं. माझ्यासोबत शाळेत असलेली मुलं पुण्याला गेली, हैदराबादला गेली. त्यांनी हे वाचलं तर हसतील. पण आमच्या घरातून कॉलेजसाठी बाहेर पडणारी मी पहिली, त्यामुळे मला कोणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून जे गेले त्यांच्यासाठी, आणि शेजारच्या आरतीसारखे जे अजून गावात आहेत त्यांच्यासाठीही, मला जमेल तसं लिहिते आहे.

नर्सिंगला प्रवेश मिळाला. हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून कॉलेजच्या मागच्या बाजूला एका काकूंच्या घरात खोली घेतली. काकू निवृत्त शिक्षिका. काका वारलेले, मुलगा बंगलोरला. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या बैठकीत बसवलं आणि मला वाटलं, यांचं घर अजून लावायचं राहिलं आहे. भिंती पांढऱ्या. पडदे खादीचे, मातीच्या रंगाचे. कोपऱ्यात एक मडकं आणि त्यात काहीच नाही. आणि एक अख्खी भिंत खालपासून वरपर्यंत पुस्तकांची. चहा आला तो ज्या कपांत आला, त्यातले दोन कप एकमेकांशी जुळत नव्हते. एकाचा तर कानही तुटलेला.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, "आई, त्यायचं घर एकदम रिकामंच हाय वं."

"अवं, मुलगा बाहेर हाय ना त्यायचा. कोन लावन मंग?" आईला त्यांची दया आली.

तोरण मी माझ्या खोलीच्या दाराला बांधलं. काकूंनी ते हातात घेऊन पाहिलं. "आईनं केलं? एक मणी इकडचा तिकडे नाही." मग त्यांची नजर कुंडीवर गेली. "आणि हे कशाला गं? अंगणात खरा गुलाब आहे की." त्या वाईट अर्थानं बोलल्या नव्हत्या. मी कुंडी खिडकीतून काढून टेबलावर ठेवली, आणि दोन दिवसांनी परत खिडकीत. कुठे ठेवावी ते मला ठरवताच येत नव्हतं.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती असं नाही. ती थांबत नव्हती. परीक्षा संपली की आई माझी सगळी पुस्तकं कापडानं पुसून आरतीच्या घरी देऊन यायची, जशी मला ती वरच्या गल्लीतल्या एका ताईकडून मिळालेली असायची. आरती दोन वर्गांनी मागे होती, म्हणून पुस्तकं तिच्याकडे थोडी वाट बघत बसायची आणि मग पुढे कोणाकडे तरी जायची. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावं खोडत खोडत खाली आलेली असत. वाचून झालेलं पुस्तक घरात ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचं अडवून ठेवणं, असं आईला वाटायचं आणि मलाही वाटायचं. त्यामुळे काकूंच्या भिंतीकडे बघून पहिले काही महिने मला मनातून प्रश्न पडायचा, ही पुस्तकं कोणाला देत का नाहीत?

मग मीच घ्यायला लागले. अभ्यासाची नव्हे, दुसरी. काकूंनी एक कादंबरी वाचायला दिली, ती संपली तेव्हा परत करताना मला चक्क जड गेलं. नंतर वर्ध्याला गेले की जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून एखादं आणायचे. एका दिवाळीत त्यातलं एक सोबत घरी नेलं. अंघोळ करून येते तर पुस्तक नाही.

"आरतीले देल्लं," आई म्हणाली. "वाचून झालतं ना तुह्यं?"

झालं होतं. पण ते माझं होतं, हे तिला कसं सांगायचं?

गेल्या वर्षी बाबांनी समोरची खोली बांधायला काढली. जुनी मातीची भिंत गेली, विटांची आली. रस्त्याकडून दार उघडलं की जी भिंत पहिली दिसते, तिच्यात मिस्त्री मोठा खाना ठेवणार होता. मी फोनवर सांगितलं, तिथे कडप्प्याच्या फळ्या टाका, माझी पुस्तकं राहतील. आईला तिथे शोकेस हवी होती, सरकत्या काचांची, मागे आरसा, आत लाईट. तिच्या लग्नात नागपूरच्या मामानं कपबशांचा सेट दिला होता, निळ्या फुलांचा, सोनेरी कडेचा. तेव्हापासून तो पुठ्ठ्याच्या खोक्यात, दिवाणाखाली. दर दिवाळीला ती तो काढायची, धुवायची, उन्हात नव्हे सावलीत वाळवायची आणि परत खोक्यात ठेवायची. हे मी लहानपणापासून बघितलं होतं. तरी फळ्या मागितल्या.

बाबा वैतागले. "मिस्त्री रोज विचारून राह्यला, काच का फळ्या. मायलेकी मिळून एक काय ते सांगा बाप्पा. मले तं त्याले नुसता चहा पाजा लागते."

आईनं फोन घेतला. "पाव्हने आले का पयले तिकडंच पाह्यतात. तिथं पुस्तकं दाखवाचे का? अन् वाचलेलं पुस्तक ठेवून काय करतं तू?"

"अन् तुह्या कपात तरी कोन चहा पेते?" मी म्हटलं.

ती म्हणाली, "तुले आता घरात राहाचंच नाई, तं भिंत कायले पाह्यजे?"

ती रागात बोलली होती हे मला कळत होतं. पण त्यानंतर कितीतरी दिवस ते वाक्य मी कॉलेजला नेत होते आणि परत आणत होते. वॉर्डात पेशंटची चादर बदलतानाही तेच डोक्यात. मला भिंत हवी होती ती पुस्तकांसाठीच का, की मी त्या घरची आहे हे कुठेतरी दिसावं म्हणून? आमचं फोनवरचं बोलणं जेवली का, काय केलं, एवढ्यावर आलं. मिस्त्री दुसऱ्या भिंतींचं प्लॅस्टर करू लागला. ती तेवढी राहिली.

त्याच काळात आई डोळे दाखवायला सावंगीला आली. बाबांना बांधकाम सोडून येणं शक्य नव्हतं, म्हणून ती एकटीच आली आणि रात्री माझ्या खोलीवर राहिली. संध्याकाळी काकूंनी आम्हाला चहाला बोलावलं. आई वेताच्या खुर्चीच्या अगदी टोकाला बसली होती, समोर पुस्तकांची भिंत. मी मनात म्हटलं, आता ही काही बोलली नाही म्हणजे बरं.

"मॅडम," आई म्हणालीच, "हे सगळे वाचून झाले तुमचे?"

"छे हो ताई! अर्धीसुद्धा झाली नसतील."

"मंग ठेवले काऊन?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण काकू खरंच विचार करायला लागल्या. "वाचीन, वाचीन म्हणून ठेवली. काही ह्यांनी आणलेली आहेत. आणि खोटं कशाला बोलू, कोणी आलं आणि बघितलं की बरंही वाटतं. घरात आहेत एवढं पुरतं मला."

आईनं मान हलवली. "मंग हे आमच्या कपासारखंच झालं म्हना."

"कोणत्या कपांसारखं?"

आणि मग आईनं त्या निळ्या फुलांच्या कपांचं सगळं सांगितलं. मामानं ते नागपूरहून मांडीवर ठेवून कसे आणले, कोणत्या बशीला रेघ आहे, एकदा पाहुणे आले तेव्हा तिनं खोकं ओढलं आणि परत आत सरकवलं. "चहा नाई पेत त्यातून कोनी. पन घरात हायेत हे मले मालूम असते."

काकू मोठ्यानं हसल्या. "मग ताई, तुमच्या कपांना बाहेर काढा. किती वर्षं बिचारे दिवाणाखाली!"

"तुमचे तं भाईर काढून काढून कानही नाई राह्यले, मॅडम," आई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की काकूंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आई तोवर खुर्चीत नीट मागे टेकून बसली होती.

मी दोघींच्या मध्ये बसले होते. दोन वर्षं मी या घराकडून त्या घराकडे आणि त्या घराकडून या घराकडे बघत होते, जणू मला कोणतं तरी एक निवडायचं आहे. आणि या दोघींनी एका चहात मिटवून टाकलं.

खोलीत आल्यावर आई माझ्या टेबलापाशी उभी राहिली. "तुह्यंबी तसंच हाय का? वाचाचे राह्यले हायेत?"

"हाव. बरेच."

"कोनते?"

मी वेगळे करून दाखवले. तिनं न वाचलेल्यांच्या ढिगावरून हात फिरवला, सगळ्यात मोठं पुस्तक उभं धरून वितीनं मोजलं, आणि चादर टाकायला लागली. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं. या वेळी खिडकीतून सामान देणारी मी होते.

चार दिवसांनी मी मनाशी ठरवून फोन केला. "आई, तिथं काचच लाव. मले फळ्या नोको."

"काच तं सांगतली मी त्याले," आई म्हणाली. "पन खालचा खाना उचा कराले लावला. मोठं पुस्तक उभं राह्यलं पाह्यजे ना."

मला नीट समजलं नाही. "कोनतं पुस्तक?"

"तुह्ये. जे वाचाचे राह्यले ते इकडं आणजो. वाचलेले तिथं ठेव, नाईतं आरतीले दे. इथं फकत न वाचलेले."

"काऊन वं, असं काऊन?"

"मंग वाचाले घरी याच लागन ना," ती म्हणाली, आणि लगेच मागे वळून मिस्त्रीला ओरडली, "अवो भाऊ, तिकडून नाई, इकडून मोजा!"

आता ती शोकेस आहे. मागे आरसा आहे, त्यामुळे कप दुप्पट दिसतात. आत पिवळा लाईट आहे, तो आई पाहुणे आले की लावते आणि ते दारातून बाहेर पडायच्या आत बंद करते. खोलीला तिनं पोपटी रंग दिला आहे, गुलाबी पट्टीसकट. काकूंना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "बाई गं, डोळ्यांत भरतं अगदी." आईला मी तेवढंच शब्दशः सांगितलं. आणि कपांच्या खाली, काचेआड, माझी पुस्तकं उभी आहेत. कोणी विचारलंच तर आई सांगते, "मह्या पोरीचे हायेत. तिचे वाचाचे राह्यले अजून." हे ती ज्या तोऱ्यात सांगते, त्या तोऱ्यात मी पास झाल्याचंही सांगत नाही.

पुढच्या वर्षी माझं शिक्षण संपेल. नोकरी नागपूरला लागेल, की आणखी लांब, माहीत नाही. सावंगीची खोली तर सुटेलच, आणि पुढे किती खोल्या बदलतील कोण जाणे. प्रत्येक खोलीत वाचलेली पुस्तकं साठतील, थोडी मी देऊन टाकीन. पण आता पुस्तक विकत घेताना मी थांबते आणि ठरवते, हे इथलं की तिथलं. कधी कधी फार वाचावंसं वाटत असतं आणि तरी मी ते उघडत नाही, घरी जायच्या पिशवीत टाकते. घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला मोठं काही सांगता येणार नाही. जिथे माझं काहीतरी अर्धं राहिलेलं आहे आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, एवढंच म्हणता येईल.

या उन्हाळ्यात घरी गेले होते. दुपारी कूलरसमोर पडून एक पुस्तक संपवलं. आई भाजी निवडत बसली होती. पुस्तक मिटल्याचा आवाज तिला कसा ऐकू गेला, देव जाणे.

"झालं?"

"झालं."

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि माझ्या जायच्या बॅगेत टाकलं. मग शोकेससमोर जाऊन काच सरकवली आणि खाली वाकून बघू लागली. "आता किती राह्यले?"

"बरेच हायेत आई."

"हाव ना?" तिनं उरलेली पुस्तकं दोन्ही हातांनी जवळ सारली, मध्ये फट राहू नये अशी. "मंग ठीक हाय."