आत्यांचे काटेरी वाफे

ज्या झाडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, त्या झाडाला जीव लावणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि ते म्हणजे आमच्या वहिनींच्या आत्या. पडेगावला त्यांचं छोटंसं बैठं घर आहे. आजूबाजूच्या अंगणांत जास्वंदी न् मोगरे. यांच्या वाफ्यांत मात्र मागे शेराच्या निवडुंगासारख्या हिरव्या कांड्यांची दाटी आणि पुढं कडेकडेनं लाल-पिवळ्या फुलांचा काटेरी युफोर्बिया. 'चिकाचं झाड दारात लावलं की घरात भांडणं लागतात' असं कुणी म्हणालं, की आत्या शांतपणे सांगतात, "लागू द्या की. मी एकटी. भांडू कोणाशी?" छाटणी करताना चीक डोळ्यांत उडू नये म्हणून त्या मोटारसायकलचा जुना गॉगल लावतात आणि काढायला हमखास विसरतात. एकदा तशाच हळदीकुंकवाला गेल्या. कुंकू लावणारी बाई करंडा हातात धरून बराच वेळ कपाळ शोधत राहिली. छाटलेली फांदी त्या आधी सावलीत निजवतात आणि चीक पुरता वाळला की मगच मुरमाड मातीत खोवतात. "जखम भरल्याबिगर कोणाला नव्या जागी लावू नाय," हे वाक्य त्या फांदीला उद्देशून म्हणतात की आपल्याला, ते कळत नाही. संध्याकाळी दौलताबादच्या बाजूचं आभाळ तांबूस झालं, की वाफ्यापाशी खुर्ची टाकून शेराच्या सावल्या भिंतीवर चढताना बघत बसतात. आत गॅसवर चहा आटून जातो.

पूर्वी या वाफ्यांत गुलाब होते. पलीकडच्या गल्लीत एक मुसलमान बाई राहत, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणत. त्यांच्या शेळ्या रोज फाटक ढकलून आत शिरत आणि कळ्यांचा फन्ना उडवत. मागून खाला धापा टाकत येत, आधी शेळ्यांना शिव्या घालत, मग आत्यांशी भांडत. "तुमारे गुलाबां बी कित्ते नाजूक हैं जी!" भांडून दमल्या की दोघी पायरीवर बसून चहा पीत. शेवटी वैतागून आत्यांनी गुलाब उपटले आणि शेर-युफोर्बिया लावले. शेळ्यांनी एकदा हुंगून पाहिलं, शिंकल्या आणि परत फिरकल्या नाहीत. शेळ्या येईनात, म्हणून खालाही येईनात.

बाग अशी फुलली की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. मी कौतुक करायला गेलो, तर पायरीवर दोन कप. "कोणी यायचंय का?" मी विचारलं. "नाय रे, हात चुकला," म्हणत आत्यांनी दुसरा कप माझ्यापुढं सरकवला. पुढच्या खेपेला पाहतो, तर फाटकाबाहेर शेवरीची रोपं. शेवरी म्हणजे शेळ्यांचं पक्वान्न. मी हसलो, तशा आत्या ओशाळल्या. "आपणहून बोलवायला लाज वाटती. शेळ्यांना कसली लाज?"

शेळ्या आल्या. मागून खाला आल्या. "बाई, ये कायकू लगाए?"

"लावलं कुठं? आपोआप उगवलं."

"हौ? आपोआप, सीधी लाइन में?"

त्या दिवशी चहा दोनदा झाला म्हणे.

मग खालांचे गुडघे थकले. शेळ्या विकून मुलानं त्यांना शेंद्र्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी नेलं. निघताना आत्यांनी एक लाल फुलांची फांदी वाळवून कागदात गुंडाळून दिली होती. परवा मी आत्यांना तिकडं घेऊन गेलो. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात ती फांदी चांगली फुलली होती, पण माती ओलीचिंब. "पाणी देऊ नका म्हटलं होतं ना?" आत्या म्हणाल्या. "रोज थोडा देती जी," खाला म्हणाल्या. "सबेरे उठके और करूं क्या?" नंतर दोघी त्या एवढ्याशा झाडाजवळ उन्हं उतरेपर्यंत बसल्या.

परतताना गाडीत आत्यांनी झाडाचाच विषय काढला.

"एवढ्या पाण्यानं सडंल ते," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात यावं लागंल बघायला."

"फोनवर सांगा ना त्यांना, पाणी देऊ नका म्हणून."

"नको," आत्या म्हणाल्या. "देऊ दे."