करपलेल्या रुईचा वास

काश्मीरची पहिली लढाई थांबून सात-आठ वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात आमची प्लॅटून नऊ हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होती. मी लान्स नायक, वय चोवीस. सेक्शनमध्ये दहा जण, त्यातले दोघे जळगावचे: मी आणि शिपाई दगडू. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात उभं राहणं, मग चहा, मग बर्फ उपसणं, मग दोन-दोन तासांची पहाऱ्याची ड्यूटी. महिनोन्‌महिने गोळी सुटत नसे. बर्फाला वास नसतो हे मला तिथे जाऊन कळलं, आणि खरं सांगतो, त्या गोष्टीनेच मी पहिल्यांदा धास्तावलो.

कारण आम्ही वासात वाढलेली माणसं. माझे वडील तेलाच्या गिरणीत होते. ते घरात शिरायच्या आधी सरकीच्या तेलाचा वास शिरायचा. आईने कितीही शिकेकाई लावली तरी तो उशीतून गेला नाही. गल्लीच्या एका टोकाला सरकीच्या ढेपेची वखार, दुसऱ्या टोकाला जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना. हंगामात रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, धूळ डाळीतसुद्धा पडायची. लोक म्हणत, जळगावचा माणूस आंधळा झाला तरी घरी पोचेल. तेव्हा आम्हाला या वासांची लाज वाटायची. पोस्टवर गेल्यावर त्यांच्यासाठी जीव तुटायला लागला.

दगडूचे वडील त्या प्रेसमध्ये मुकादम. मूळचे धुळ्याकडचे, सगळे त्यांना आबा म्हणत. सरकी काढायच्या चरकात कापसाबरोबर एखादा खडा गेला की ठिणगी उडते. ती रुईत दडून गाठीत, म्हणजे दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात, गेली, तर गाठ वरून थंडगार दिसते आणि आतून चार-चार दिवस धुमसते. म्हणून आबा रोज दोनदा गाठींच्या रांगांमधून नाक लावत फिरायचे. कामगार थट्टा करत, आबांच्या नाकाचा विमा उतरवा म्हणून. आम्ही दोघं त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा ते एका डबीतली करपलेली रुई आमच्या नाकाखाली धरायचे. कडवट, थोडी गोडसर, जुन्या गोधडीला निखारा लागावा तशी.

"हाऊ वास वना ना, तर हातमाना घास ठेवा आन पळा," आबा म्हणायचे. धुमसणारी गाठ फोडायची नाही, वारा लागला की भडकते. तशीच्या तशी उघड्यावर न्यायची, हा दुसरा नियम. हे दोन्ही नियम आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते.

पोस्टवर दगडूने एक खेळ काढला. एकाने वास सांगायचा, दुसऱ्याने जागा ओळखायची. उकळलेली खळ म्हटलं की धुळ्याची कापडगिरणी, पांझरा नदी ओलांडून देवपुरात मावशीकडे जाताना नाकात बसणारी. पिकलेली केळी आणि कोळशाचा धूर म्हटलं की जळगावचा मालधक्का, सावद्याहून आलेली वॅगन. पंजाबी जवान आम्हाला येडे समजत. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा.

त्या आठवड्यात खालून रुई भरलेल्या नव्या रजया आल्या. तागात शिवलेले मोठे गठ्ठे. स्टोअर बंकरमध्ये जागा नव्हती, म्हणून ते मागच्या भिंतीला लावले. त्याच भिंतीच्या पलीकडून लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या, बुखारी शेगडीचा पाइप वर जात होता. दुसऱ्या कोपऱ्यात रॉकेलचे जेरीकॅन होते, पूर्ण हिवाळ्याचे.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. मी आणि दगडू ड्यूटीवरून परत आलो होतो. हातात चहाचे मग. दगडूला तीन दिवस सर्दी होती, नाक पार चोंदलेलं, वर बाम चोपडलेला. आणि मला तो वास आला.

मी म्हणालो, "दगडू, करपलेली रुई."

"आबानी डबी," तो लगेच म्हणाला आणि हसला. "सोपं दिधं तू. तुले घरनी याद ई ऱ्हायनी."

मलाही तसंच वाटलं. नाकाला घर आठवतंय, दुसरं काय. मी डोळे मिटले. ती गल्ली आली, आबा आले, प्रेसचा भोंगा आला. तीन महिन्यांत इतकं सुख मला झालं नव्हतं. मी चहा पीत बसून राहिलो. हातातला मग खाली ठेवला नाही.

तीन पंचेचाळीसला लंगरवाला ओरडला. स्टोअरच्या दारातून धूर येत होता.

दगडू माझ्या आधी पोचला. कोणीतरी गठ्ठ्यावर संगीन उगारली होती, फोडून विझवायला. दगडूने त्याला ढकललं. "फोडू नका, बाहेर काढा." एक गठ्ठा त्याने ओढून बर्फात टाकला. दुसरा मी आणि त्याने मिळून. तिसराही निघाला. चौथ्याची शिवण आतून जळून गेली होती. उचलताच तो त्याच्या छातीवर फुटला, दारातून वारा आला, आणि जेरीकॅनच्या कोपऱ्यापर्यंत एकच ज्वाळा झाली. त्याही स्थितीत त्याने तो गठ्ठा कॅनपासून लांब ढकलला. नाहीतर अख्खी पोस्ट गेली असती. आम्ही त्याला पाय धरून बाहेर ओढलं.

प्लॅटून कमांडर सुभेदारसाहेबांनी वायरलेसवर मागणी केली. "एक जवान भाजला. हालत गंभीर. स्ट्रेचर पार्टी पाठवा. ओव्हर." उत्तर आलं, "रस्ता बंद. पार्टी फर्स्ट लाइटला, उजाडताच. ओव्हर." सकाळी स्ट्रेचरवरून डोंगराखाली नेताना, सात चाळीसला, दगडू गेला. शेवटी काही बोलला नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, आग लागल्याचं प्रथम कधी कळलं? मी म्हणालो, "पंधरा पंचेचाळीस, साहेब. धूर दिसला तेव्हा." खाली सही केली. मधली पंचवीस मिनिटं कोणी मागितली नाहीत, मी दिली नाहीत.

रजेवर आलो तेव्हा आधी आबांकडे गेलो. प्रेस चालू होती. आबा गाठींपाशी बसले होते. मी सगळं सांगितलं: गठ्ठे, पाइप, जेरीकॅन, दगडूने पोस्ट कशी वाचवली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग एकच विचारलं.

"रुई पहिले सांगस, मंग पेटस. वास वना नही का?"

खरं तोंडाशी आलं होतं. म्हातारा माझ्याकडे बघत होता आणि मी भ्यालो. गोळीला भ्यालो नसतो इतका भ्यालो.

"नाही आबा," मी म्हणालो. "कोणालाच नाही आला."

त्यांनी गाठीवर हात फिरवला. "म्हंजे मीच त्याले नीट शिकाडं नही," ते म्हणाले.

मी तेव्हाही गप्प बसलो. दुसऱ्या आठवड्यात आबांनी मालकाला सांगितलं की आपल्या नाकावर आता भरवसा राहिला नाही, आणि मुकादमी सोडली. दोन वर्षांत ते वारले. मी त्यांना खांदा दिला. तोंड मात्र उघडलं नाही.

जळगावला मी आजही जातो. हंगामात रुईचा वास आला की लोक खोल श्वास घेतात, म्हणतात, लहानपण आठवलं. मी रुमाल काढतो. मला त्या शहरात एकही वास सुखाचा उरलेला नाही.

स्मारकाच्या दगडावर दगडूचं नाव आहे. त्याने पोस्ट वाचवली हे पलटणीच्या कागदांत आहे. एक गोष्ट कुठेच नाही, ती इथे लिहितो. आबा, त्या दिवशी दगडूचं नाक चोंदलेलं होतं. तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हतं. वास मला आला होता.