सोबत जोडलेला दाखला

माझी ओटी वॉशिंग मशीनवर भरली गेली. पदरात नाही. मशीनच्या झाकणावर.

सातवा महिना लागला होता. अमिरातीतल्या अजमान शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये शनिवारी संध्याकाळी वहिनींनी बिल्डिंगमधल्या चार मराठी बायका बोलावल्या होत्या. वहिनी आमच्या नात्यातल्या कुणी नाहीत. दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांच्या नवऱ्याच्या नावावर होता, आणि त्यातली मागची खोली त्यांनी आम्हाला पोटभाड्याने दिली होती. चारही बायकांनी हॉलमध्ये मला पाटावर बसवून ओटी भरली, हळदीकुंकू लावलं, पेढा भरवला. वहिनींची वेळ आली तेव्हा त्या उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "माझी अडचण आहे गं. तुमचं चालू द्या."

सकाळी देवपूजा त्यांनीच केली होती. घंटीचा आवाज मी माझ्या खोलीत ऐकला होता.

बायका गेल्यावर मी कपबश्या उचलून किचनमध्ये गेले. मशीनच्या झाकणावर स्टीलचं ताट. तांदूळ, नारळ, ब्लाऊजपीस, सुपारी. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या नाहीत.

"ते तुझं आहे. घेऊन जा. ताट परत नको आणूस, ठेव तिकडेच."

मी ताट उचललं. पोटात बाळ फिरलं. कुणी हात उगारला असता तर मी हात धरला असता. पण जे मारलंच नाही, नुसतं ठेवलं, त्याचं काय करायचं हे कळेना.

का, ते मला माहीत होतं. चूक माझीच होती. असली चूक आमच्यासारखीच माणसं करतात.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातले, बौद्धवाडीतले. आमचं आडनाव असं की ते मराठ्यांतही चालतं आणि आमच्यातही. नवरा सहा वर्षांपूर्वी एसीच्या डक्टच्या, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळांच्या, कामाला इकडे आला. लग्नानंतर मी आले. खोली बघायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला आणि हसत विचारलं, "रत्नागिरीचे का? मग आमच्याच तिकडचे. कुठल्या वाडीतले?"

नवरा म्हणाला, "खालच्या."

खोटं नव्हतंच ते. आमची वाडी खालीच आहे, सगळ्या गावाचं पाणी वाहून येतं तिथे. वहिनींना जे समजायचं ते त्या समजल्या, आणि आम्ही समजू दिलं. दीड वर्ष समजू दिलं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावायचा म्हणून मी गावाहून आणला होता. तो कपड्यांच्या बॅगेत तळाला राहिला. एकदा जेवताना वहिनी कुठल्याशा डॉक्टरबद्दल बोलल्या, "कोट्यातला असणार, नाडी सापडत नाही मेल्याला." सगळे हसले. मीही हसले. हे सांगायला मला फार जड जातंय, पण मी हसले. माझा सख्खा भाऊ त्याच कोट्यातून इंजिनियर झालाय.

दिवस राहिल्यावर भाऊ, म्हणजे वहिनींचे मिस्टर, म्हणाले, "बाळ आलं की इथे जमायचं नाही हं. वॉचमन माणसं मोजतो." बरोबरच होतं त्यांचं. पण स्वतंत्र खोली घ्यायची तर भाड्याचा पहिला चेक, डिपॉझिट, सगळं एकदम लागतं. नवऱ्याच्या साईटचे पैसे अडकलेले, चार महिने अर्धा पगार. म्हणजे पंधराशे दिरहॅम. रुपयांत पस्तीस हजार ऐकायला बरं वाटतं, इथे ते खोलीच्या भाड्यात आणि दूध-तांदळात संपतात. खालच्या ग्रोसरीत भेटणारी एक लखनौची बाई म्हणाली, सरकारी मदतीची कचेरी आहे, अडलेल्या कुटुंबाला भाड्यासाठी मदत करतात, परदेशी माणसाचाही अर्ज घेतात. फक्त आता कुठे राहता त्याचा कागद द्यावा लागतो. भाडेकरार, नाहीतर ज्याच्या घरात राहता त्याचं पत्र.

भाडेकरार आमच्या नावाने नव्हता. पत्र भाऊंनाच द्यायचं होतं. ते चटकन हो म्हणाले. "कागदपत्रांची फाईल दे, अरबीत टाईप करून घेतो माझ्या ऑफिसमधून."

मी रात्री बसून फाईल लावली. पासपोर्ट, आयडी, लग्नाचा दाखला, पगाराचं पत्र, डॉक्टरचा रिपोर्ट. आणि शेवटी माझ्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स.

कुणी मागितली होती? कुणीच नाही. पण शाळेची फी असो, हॉस्टेल असो, स्कॉलरशिप असो, घरकुल असो, आजवर सरकारकडे काही मागायचं म्हणजे तो कागद आधी. तो नसला की क्लार्क फाईल अंगावर टाकायचा. माझ्या बापाने त्या दाखल्यासाठी तहसीलच्या अकरा फेऱ्या मारल्या होत्या. माझा हात आपोआप तिकडे गेला. 'सरकारी मदत' म्हटलं की जातीचा दाखला. अख्ख्या अमिरातीत तो कागद वाचू शकतील अशी माणसं त्या फ्लॅटमध्येच होती, आणि त्यांच्याच हातात मी तो नेऊन दिला.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. कुणी काही बोललं नाही. फिल्टरच्या पाण्याजवळ एक जाड काचेचा वेगळा ग्लास आला. मी नेहमीचा उचलला तर वहिनींची दहा वर्षांची मुलगी होमवर्कमधून मान वर करून म्हणाली, "नो, दॅट वन इज युवर्स." पोरीचा काय दोष. तिला जे सांगितलं ते तिने सांगितलं. ओटीचा कार्यक्रम मात्र आधीच ठरलेला होता, मोडला असता तर बायकांना कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तो झाला. कसा झाला ते सांगितलंच.

एवढं होऊनही मी गप्प राहिले. पत्र हवं होतं ना. अजून ते हातात आलं नव्हतं.

सोमवारी भाऊंनी फाईल परत दिली आणि सोबत एक लिफाफा. आत अरबीत टाईप केलेलं पत्र, खाली सही. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि थँक्यूही म्हटलं. तडक टायपिंग सेंटरला गेले. इथले सरकारी अर्ज अरबीत भरावे लागतात, आणि ते भरून देणारी ही दुकानं गल्लोगल्ली असतात. काउंटरवर केरळचा एक वयस्क माणूस होता. त्याने कागद एकेक करून पाहिले, पत्र वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, आप इनके घर में काम करता है?"

"नहीं. हम उधर रेंट पे रहते हैं."

"लेटर में ऐसा नहीं लिखा. इसमें लिखा है, आप इनकी खद्दामा है. खाना, रहना फ्री देते हैं. मेहरबानी से आपके हजबंड को भी रखा है."

खद्दामा म्हणजे मोलकरीण. हा शब्द इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात कळतो.

तो पुढे हळू आवाजात म्हणाला, "आप हजबंड के वीजा पे है. दूसरे के घर काम, ये इललीगल है. पकड़ेगा तो उनको नहीं, आपको पकड़ेगा. समझा?"

मी समजले. पोटभाडेकरू ठेवणं कायद्यात बसत नाही, म्हणून भाऊंनी आपली मान सोडवून घेतली होती. आणि ती कुणाच्या गळ्यात अडकवायची याचा फार विचार करावा लागला नव्हता. दाखला वाचलाच होता त्यांनी.

माझी आई मोलकरीणच होती. चिपळूणला पाच घरची धुणीभांडी करायची. मला त्या कामाची लाज नाही, आधीही नव्हती. त्या भांड्यांवर मी बी.ए. झाले. पण आई काम करायची आणि पगार घ्यायची. इथे दर महिन्याच्या एक तारखेला पैसे मी मोजून वहिनींच्या हातात देत होते, आणि कागदावर त्या मला फुकट पोसत होत्या. वर मेहरबानी.

संध्याकाळी मी पत्र डायनिंग टेबलवर ठेवलं. भाऊ लॅपटॉपवर होते.

"भाऊ, हे बदलून द्या. आम्ही भाडं देतो, तसं लिहा."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे ती. नुसता कागद. कोण वाचतंय."

"मी वाचून घेतलं."

त्यांनी लॅपटॉप मिटला. वहिनी किचनच्या दारात आल्या. पदराला हात पुसत, अगदी शांतपणे बोलल्या, "एवढं लागण्यासारखं काय आहे त्यात? घरकाम तुमच्या लोकांना काय नवीन आहे का? आणि आम्हाला फसवून राहिलात दीड वर्ष, ते? माझ्या देवघराच्या भिंतीला लागून झोपलात. मी काही बोलले?"

तुमच्या लोकांना. ते दोन शब्द मी शाळेत ऐकलेत, पाणवठ्यावर ऐकलेत, कॉलेजच्या ऑफिसात ऐकलेत. समुद्र ओलांडून आले, विमानाच्या तिकिटाचं कर्ज अजून फिटलं नाही, आणि ते दोन शब्द इथे एसीच्या गारव्यात माझ्याआधी येऊन बसलेले.

मी म्हटलं, "भाडं घेताना कधी विचारलं नाहीत वहिनी, कुणाच्या हातचं आहे ते."

एवढंच बोलले. अजून खूप बोलायचं होतं. पण त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

खरं भांडण खोलीत झालं, नवऱ्याशी. तो कामावरून आला, बूट काढतानाच मी सगळं सांगितलं. त्याने दुसरा बूटही काढून दाराशी ठेवला. मग म्हणाला, "देऊन टाक ना पत्र. अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाळ यायला अडीच महिने उरलेत. कागदावर मोलकरीण लिहिलं म्हणून तू होतेस का मोलकरीण?"

"नुसतं खालची वाडी म्हटलात म्हणून आपण वरचे झालो का?"

तो तडकला. "मी कुणासाठी केलं ते? तुला डोक्यावर छप्पर हवं म्हणून केलं ना?"

खरं होतं. माझ्यासाठीच केलं होतं. त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली, दोन्ही एकदम. दिवसभर पंचेचाळीस डिग्रीत पत्रा कापणारा माणूस, कुणाच्या बापाला भीत नाही, आणि एका प्रश्नापुढे आवाज बारीक करतो. मीही तशीच की. हसले नव्हते का मी त्या डॉक्टरवर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तर आमचं तोंड दाबणारे हात आमचेच होते.

मी म्हटलं, "अहो, हे पत्र दिलं तर हे मूल मोलकरणीचं म्हणून नाही, खोट्याचं म्हणून जन्माला येईल. मला ते नकोय. मदत मिळाली नाही तर नाही. भीक नको पण कुत्रं आवर."

सकाळी तो डबा न घेता गेला.

मी कचेरीत गेले. एकटी. टोकन घेतलं, दोन तास बसले, पाय सुजलेले. काउंटरवर काळ्या अबायातली, इथलीच एक तरुण मुलगी होती. तिने फाईल उघडली.

"कॉन्ट्रॅक्ट?"

"नहीं है."

"लेटर?"

"लेटर है. लेकिन झूठ है, इसलिए नहीं दूँगी. हम किराया देते हैं. मैं खद्दामा नहीं हूँ."

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग परत फाईलकडे. शेवटचा कागद तिने उलटा धरला, मग सुलटा केला. "व्हॉट इज धिस?"

माझ्या मागे एक सुटातला इंडियन माणूस उभा होता. त्याला ऐकू जाईल अशाच आवाजात मी म्हटलं, "ये मेरी जाति का सर्टिफिकेट है."

तिला काही कळलं नाही. तिने तो कागद फाईलमधून काढून माझ्यापुढे सरकवला. "नॉट रिक्वायर्ड." आणि मग बाकीची फाईलही सरकवली. "कॉन्ट्रॅक्ट लाओ सिस्टर. विदाउट कॉन्ट्रॅक्ट, खलास."

मी ह्या देशाचे गोडवे गात नाही. इथे पासपोर्टचा रंग बघून पगार ठरतो, हे मला माहीत आहे. पण त्या मुलीने मला जे नाकारलं ते कागद नव्हता म्हणून नाकारलं, आणि तसं तोंडावर सांगितलं. मला बसस्टॉपवर रडू आलं. मदत गेली म्हणूनही आलं. खोटं कशाला बोलू, खोलीची गरज होतीच.

त्या रात्री भाऊंनी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं की महिनाअखेर खोली हवी आहे, गावाहून पाहुणे येणार आहेत. तो आत आला, भिंतीला टेकून बसला आणि पहिल्यांदा म्हणाला, "बरं झालं नाही दिलंस ते."

साईटवरच्या पोरांची भिशी होती. ज्याची पाळी होती त्याने ती आम्हाला दिली. अजमानच्या पुढे, उम्म अल कुवैनला, इंडस्ट्रियल एरियाच्या मागे, एक खोली मिळाली. नळाला खारं पाणी, खाली ट्रकांचं गॅरेज, दिवसभर ठोकाठोक. नवऱ्याला कामावर जायला दीड तास जास्त लागतो. पण करारावर नाव आमचं आहे, नगरपालिकेचा शिक्का आहे. बॅगेच्या तळातला फोटो मी पहिल्याच दिवशी दारासमोरच्या भिंतीवर लावला.

समोरच्या खोलीत साताऱ्याकडची एक बाई राहते. मराठी ऐकून परवा लगबगीने आली, पोटाकडे बघून हसली, सामान लावायला हातही लावला. मग विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं हो?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध. बौद्धवाडीतले."

ती "बरं" म्हणाली. हातातलं भांडं खाली ठेवलं. मग गॅसवर दूध ठेवलंय म्हणाली आणि गेली. दोन दिवस झाले, तिचं दार बंद आहे.

असू दे बंद. सोमवारी करार घेऊन मी परत त्या काउंटरवर जाणार आहे. नाही म्हणाले तर पुन्हा जाईन, पोट घेऊन जाईन, नंतर पोर घेऊन जाईन. जे आहे तेच लिहीन. महिन्या-दीड महिन्यात मूल होईल. लोक बघायला येतील, कुणाचं, कुठलं, विचारतील. कुणी विचारायच्या आत मी जात सांगणार. मग ज्याला बाळ हातात घ्यायचं त्याने घ्यावं. ज्याला नाही घ्यायचं त्याने उंबऱ्याबाहेरूनच परत फिरावं.