आंबवणी म्हणजे पाणीच

२१ मे २०२४, मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. प्रयोगाचा नववा दिवस. दुसऱ्या रांगेतील पहिल्या कुंडीत मी ओलावामापकाची सळई खुपसली आणि पडद्यावर सव्वीसचा आकडा आला. आदल्या संध्याकाळी त्याच कुंडीत नऊ होता. दुसरी कुंडी सत्तावीस, तिसरी पंचवीस. यंत्र बिघडले असावे म्हणून पहिल्या रांगेत तपासले. तिथे आठ, अपेक्षेप्रमाणे. यंत्र ठीक होते. आठ दिवस पाण्याचा थेंब न मिळालेली दुसऱ्या रांगेतील चहाची रोपे मात्र पाने उचलून, अगदी टवटवीत उभी होती.

नागपुरात चहाच्या रोपांवर संशोधन करते म्हटले की लोक हसतात. चहा इथे टपरीवर मिळतो, झाडावर नाही, हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की तो सांगणाऱ्याचे तोंड उघडण्याआधीच मला कळतो. त्यात काही तर्क नाही. आसामातून आलेली रोपे तापमान-नियंत्रित खोलीत वाढतात; खोलीबाहेर पंचेचाळीस अंश आहेत की पंधरा, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. माझा प्रश्न साधा होता. चहाचे दोन वाण. पहिल्या रांगेतला काटक, दुसऱ्या रांगेतला नाजूक असा लौकिक. पाणी तोडल्यावर दोघांच्या पेशींत कोणती जनुके जागी होतात आणि किती?

जनुक म्हणजे कोठारात जपून ठेवलेली लेखी आज्ञा. तिच्यावरून काम करून घ्यायचे तर आधी नक्कल काढावी लागते. मुळांना माती कोरडी लागली की झाडात एक संप्रेरक वाढते, पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटतात, आणि एरवी निजलेल्या काही आज्ञांच्या नकला भराभर निघू लागतात. त्यांतून तयार होणारी प्रथिने पेशीतील नाजूक भाग सुकून चिकटू नयेत म्हणून त्यांना वेढून राहतात. कोणत्या क्षणी कोणत्या आज्ञेच्या किती नकला होत्या, हे पान तोडून तत्काळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवले तर मोजता येते. आणि पाणी मिळाले की काही तासांतच नकला काढणे थांबते, काढलेल्या नष्ट होतात. म्हणजे दोन पेले पाणी माझ्या आठ दिवसांवर बोळा फिरवायला पुरेसे होते.

रोपांची देखभाल एक मावशी करतात. पन्नाशीच्या, सावनेरकडच्या, लहानपण वडिलांच्या संत्र्याच्या बागेत गेलेले. मी दारातूनच विचारले.

"मावशी, दुसऱ्या रांगेत पाणी कोणी घातलं?"

"म्याच देलं. जास्त नाही वं, आंबवणी देली. दोन-दोन गिलास."

"अहो, पण मी ताण देतेय म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना!"

"हो ना, म्हणूनच तं. पानं कोकडली, लोंबली. ताण पुरा झाला. आता नाही तोडला तं झाड जाईन ना बाप्पा."

"मग पहिल्या रांगेला का नाही दिलं?"

"तिचा ताण कुठं पुरा झाला अजून? पाह्य ना, कशी ताठ उभी हाये." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या जरा चिडल्या. "तोडायचाच नव्हता तं ताण काहून म्हणली? मारून राहिली म्हणायचं."

मी संतापले. पण तो संताप मावशींवर ठरेना. संत्र्याच्या बागेत बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी तोडतात, त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल झाली की ताण तोडायचा असतो, आणि तो तोडताना पहिले हलके पाणी देतात ती आंबवणी. या भागात ताण या शब्दाच्या पोटातच त्याचा शेवट आहे. मी इंग्रजी पाठ्यपुस्तकातील संज्ञेला मराठी प्रतिशब्द दिला, तो मावशींना समजेल म्हणून स्वतःवर खूशही झाले, आणि तो शब्द आधीपासून कोणाच्या कामाचा आहे याची चौकशी केली नाही. मावशींनी माझी सूचना मोडली नव्हती. शब्दशः पाळली होती. त्यांनी त्यांच्या पाण्याच्या वहीत तशी नोंदही केली होती: तारीख, सकाळी सहा, दुसरी रांग, आंबवणी.

चूक माझी होती, म्हणून ती लपवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच दिवशी अकरा वाजता मी माझ्या मार्गदर्शक सरांना लेखी कळवले की दुसऱ्या रांगेला पाणी मिळाले आहे आणि नवव्या दिवसाचे तिचे नमुने बाद धरावे लागतील. उत्तर आले: "ठीक. नमुने घेऊन ठेव." मी घेऊन ठेवले, आणि डब्यांवर 'पाणी दिलेले' असे लिहिले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावले. पडद्यावर माझाच आलेख होता. पेशीचे संरक्षण करणाऱ्या त्या मुख्य जनुकाच्या नकला नाजूक वाणात सहाव्या दिवशी एकोणीस पट वाढलेल्या, नवव्या दिवशी एक पूर्णांक तीन पटीवर उतरलेल्या. शेजारी सरांनी ठळक अक्षरांत टाइप केले होते: 'सावरणारा वाण'.

"बघ," ते म्हणाले, "सहाव्या दिवशी घाबरला, नवव्या दिवशी सावरला. याला म्हणतात जुळवून घेणं. अनुदानाच्या अहवालात हाच मुद्दा वर घेऊ. पहिलं नाव तुझंच."

"सर, तो सावरला नाही. त्याला पाणी मिळालं. मी कळवलं होतं."

"कळवलं असशील. पण तू पाणी घालताना पाहिलं नाहीस. ज्यानं घातलं त्याची नोंद कुठे आहे?"

मी पाण्याची वही आणून समोर ठेवली. त्यांनी पान वाचले, चष्मा काढला, पुसला.

"इथे पाणी असा शब्द नाही. आंबवणी म्हणजे काय? खत असेल, फवारणी असेल. अशा गावठी शब्दावरून आपण वर्षभराचं काम बाद करायचं?"

सरांचे घर कळमेश्वरकडचे. घरची संत्र्याची बाग. दर हिवाळ्यात ते विभागात टोपलीभर संत्री आणतात आणि यंदा ताण कसा उशिरा तोडावा लागला, हे आम्हाला रस घेऊन सांगतात. त्या माणसाला आंबवणी कळत नव्हती! खोटे मी त्याआधीही ऐकले होते. प्रत्येक परिषदेत थोडेफार ऐकू येते. पण स्वतःच्या घरच्या बागेतला शब्द अनोळखी असल्याचे सोंग, तेही तो शब्द लिहिणारी बाई वीस पावलांवर कुंड्या पुसत असताना, हे मला सहन झाले नाही. मी उठून मावशींना आत बोलावले.

"मावशी," सर गोड आवाजात म्हणाले, "मे महिन्यातली गोष्ट आहे. तुम्हाला नक्की आठवतं का? कदाचित पाणी दिलं नसेल. नुसती पानं पुसली असतील."

"देलं ना सर. नाही देलं कसं म्हणू? आंबवणी लिवली हाये तिथं."

"हो, पण आंबवणी म्हणजे..."

"काहून बा सर?" मावशींना खरोखरच नवल वाटले. "तुमच्या घरी काय दूध देता का झाडाले?"

मला हसू आले, आणि ते मी लपवले नाही. मावशी गेल्यावर सरांनी दार लोटून घेतले. आतापर्यंत पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

"काहून अडून राहिली वं तू? एका गिलासानं काय होते?"

"दोन गिलास, सर."

मग त्यांनी थंडपणे हिशेब मांडला. सप्टेंबरअखेर माझी पाठ्यवृत्ती संपते. अहवालावर सही केली तर त्यात पहिले नाव माझे, त्यामागून शोधनिबंध, त्यामागून परदेशातील जागा. नाही केली तर नववा दिवस कोरा, आणि कोऱ्या दिवसावर प्रबंध उभा राहत नाही. मला ती जागा हवी होती. ती किती हवी होती हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी ती समोर धरली होती. माझी महत्त्वाकांक्षा विकत घेता येते असे त्यांनी गृहीत धरले, याचा राग मला आजही येतो. हा वाण सावरणारा आहे असे आम्ही लिहिले तर उद्या कुठली तरी रोपवाटिका त्याचीच कलमे वाढवील, कोणीतरी उतारावर ती लावील, आणि पाऊस ओढ देईल तेव्हा तिथे मावशी नसतील.

मी सही केली नाही. प्रयोग पुन्हा करीन म्हणून सांगितले.

ते सोपे नव्हते. जुनी रोपे वापरता येत नव्हती, कारण एकदा पाणी तुटलेले झाड ते विसरत नाही. दुसऱ्या वेळी त्याची जनुके वेगळ्या वेगाने जागी होतात. राखीव रोपे उरली होती आठ, प्रत्येक वाणाची चार. इतक्या थोड्या रोपांवर मोठा दावा करता येत नाही, पण खोटा दावा पाडता येतो. यावेळी मी ताण हा शब्द काढूनच टाकला. पाटीवर लिहिले: 'पाणी नाही. झाड मेले तरी नाही.'

मावशींनी ती मोठ्याने वाचली. "हां, आता कसं मराठीत लिवलं," त्या म्हणाल्या. आठव्या दिवशी मात्र त्या खोलीत आल्याच नाहीत. दाराबाहेरूनच म्हणाल्या, "तूच पाह्य वं माय. माह्याच्यानं नाही पाहवत."

मलाही पाहवत नव्हते, पण पाहणे हेच माझे काम होते. नवव्या दिवशी सकाळी नाजूक वाणाची चारही रोपे लोळागोळा झाली होती. पाने चुरगळलेल्या कागदासारखी वाजत होती. मी ती गोठवली. पुढचे चार दिवस नकला मोजण्यात गेले. प्रत्येक नमुना तीनदा मोजला, कारण माझ्या आकड्यांत खोट काढायला कोण बसले आहे हे मला ठाऊक होते. त्याच आठवड्यात कळले की अहवाल माझ्या सहीशिवाय पुढे गेला आहे. माझे नाव त्यातून वगळले होते. 'सावरणारा वाण' हे शब्द तसेच होते.

माझ्या प्रबंधाच्या मूल्यमापन समितीला मी दीड पानी पत्र लिहिले. विशेषण एकही वापरले नाही. काय घडले, केव्हा घडले, कोणाला कळवले. चूक कोणाच्या शब्दामुळे झाली तेही लिहिले, कारण ती माझ्या शब्दामुळे झाली होती. पाठ्यवृत्तीला मुदतवाढ मागितली नाही. सोबत त्याच मुख्य जनुकाच्या नकलांचा नवा तक्ता जोडला, पहिल्या वेळच्या १.३ पटीसकट. त्यातील शेवटची ओळ मी स्वतःच्या हाताने भरली: नाजूक वाण, नववा दिवस, पाणी नाही, ४७.२ पट.