पिठाच्या पिशवीतली चोखणी

मैत्रिणींनो, आज आष्टीकडनं गाडी आली. आमी ऊसतोडीला कर्नाटकात आलोत, म्हणून धाकट्या जावेनं गाडीसंगं बाजरीचं पीठ पाठवलं. पिशवीत हात घातला तर माझ्या लेकीची चोखणी निघाली, पिठानं माखलेली.

अडीच वर्षांची हाय ती. मागच्या थंडीत इथं उसाच्या पाचटाच्या कोपीत लई आजारी पडली, म्हणून यंदा जावेजवळ ठेवली. चोखणी तोंडात असल्याबिगर झोपायची न्हाई. दात वाकडे होतील, सोडव तिची, असं मीच जावेच्या मागं लागले होते.

लगेच फोन लावला. जाऊ म्हणाली, "अक्का, तिला म्हणलं, तुझ्या आईला तिकडं झोप येत न्हाई. तर उठली अन् सोताच्या हातानं पिशवीत टाकली. दोन दिस झाले, एकदाबी मागितली न्हाई."

सोडव म्हणणारी मीच, अन् सुटल्यावर डोळ्याला पदर लावणारीबी मीच.

चोखणी धुवायला घेतली, पण धुवावी वाटंना. तशीच उशाला ठेवलीय.

तुमच्यातलं कुणी लेकरू मागं ठेवून आलंय का? झोपताना ते आता काय मागतं, हे तुमी विचारता का? मला आज फोनवर विचारायची हिंमत झाली न्हाई.