तीन चाकं आणि दळणाचा डबा

मी मुळात तापट बाई. माझा आवाज पार गल्लीच्या टोकाच्या तालमीपर्यंत जातो, असं नवरा म्हणतो, आणि खोटं बोलत नाही. धाकट्या पोराला मी दिवसातनं चारदा तरी झाडायची. पण थोरल्या लेकीवर कधी आवाज चढवला नाही. जन्मताना श्वास घ्यायला तिला उशीर झाला आणि सेरेब्रल पाल्सी पदरात आली. पाय ताठ, एकमेकांत अडकायचे. उजवा हात सांगितलेलं ऐकायचा नाही. डोकं मात्र तल्लख. या लेकराला काय बोलायचं, असंच मला वाटायचं.

ती नऊ वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, तीनचाकी सायकल द्या, पाय मोकळे होतील. तिला बसेल अशी सायकल आम्हाला दुकानात कुठं मिळेना. उचगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक मिस्त्री नवऱ्याच्या ओळखीचा होता. त्यानं पोरीला नीट बघितलं आणि कामाला लागला. पंधरा दिवसांनी सायकल टेम्पोतनं आली. उतरवायला चौघं लागले. सगळा जाडजूड लोखंडी अँगल!

"वैनी, वर ऊस भरला तरी वाकायची न्हाय," मिस्त्री छाती फुगवून म्हणाला.

पोरीनं जीव खाऊन पायडल दाबलं. सायकल तसूभर हलली नाही. मिस्त्री डोकं खाजवत खाली बसला. "आयला, ह्यात पोरगी बसणार हाय, हे ध्यानातच न्हाई राहिलं की!"

दुसरी सायकल त्यानं पातळ पायपाची केली. पायडलला चामड्याचे पट्टे, पाठीला टेका, ब्रेक डाव्या हाताशी. आणि मागं, मी हट्टानं करून घेतलेली ढकलायची दांडी. सायकल चालली. म्हणजे मी चालवली. माझा हात दुखला की गल्लीतलं कोणी ना कोणी धावत यायचं. आमच्याकडं कोणाची गाडी अडलेली दिसली की हात लावल्याशिवाय माणसाला राहवत नाही. पोरगी स्वतः पायडल मारतेय का, हे कोणी बघायचंच नाही. मीसुद्धा नाही.

एका रविवारी मी धाकट्याला दळण आणायला पाठवत होते.

"मी आणू?" पोरगी म्हणाली.

"बाळा, एवढा मोठा डबा ठेवणार कुठं?"

"मागं. दांडी काढली की बरोबर बसतोय. मापलंय मी." शाळेच्या पट्टीनं तिनं खरंच मापलं होतं. मी नुसतं बघू म्हटलं आणि भाजी चिरायला बसले. पुढचा आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही. "तो जातोय, मग मी का नको?" एवढंच.

शेवटी मीच सायकल मिस्त्रीकडं नेली. दांडी कापताना ठिणग्या उडायला लागल्या.

"वैनी, तिकडं बघू नका, डोळ्याला पाणी येतंय."

"त्यानंच आलंय," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ती निघाली. मी दारात उभी. तालमीसमोरच्या चढाला सायकल अडली, तसे कट्ट्यावरचे दोघं उठले.

"हात लावू नका!" ती कडाडली. "माझं मला येतंय की!"

दोघं जागच्या जागी थबकले. आवाज अगदी माझाच होता. ती इंचाइंचानं चढ चढली आणि वळणाआड गेली.

गिरणी वळणापुढं लगेचच. जाऊन-येऊन वीस मिनिटं धरली होती मी. अर्धा तास झाला. तेव्हा मोबाईल कुठले? मी तवा चढवला, उतरवला. पाऊण तास झाला तशी पायात एक माझी नि एक नवऱ्याची चप्पल घालून धावत सुटले. मनात काय काय आलं ते आजही लिहवत नाही.

वळणावर पोचले, तर बाईसाहेब वर्गातल्या मैत्रिणीच्या दारात! सायकल सावलीला, मागं पिठाचा डबा, हातात पेरू, आणि दोघी खिदळतायत.

"अगं ए भवाने!" मी सुटलेच. "घरात माणसं पिठाची वाट बघत बसल्यात आणि तू हितं गप्पा हाणत बसलीयास? पाय फुटले म्हणून गावभर उंडारायचं व्हय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले होते. मैत्रीण घाबरून आत पळाली. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली आणि मग तिचं तोंड कानापर्यंत फाकलं.

"आई, मला बोललीस! त्याला बोलतीस तशी!"

परत येताना ती पुढं, मी मागं. हात सवयीनं दांडी शोधत होते, म्हणून मी ते पदराखाली घेतले. डोळे पुसायलाही पदरच लागत होता. तालमीच्या कट्ट्यासमोर तिनं मुद्दाम ब्रेक दाबला.

"काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज आईनं मला लई शिव्या घातल्या!"