सरासरीत न दिसलेल्या बाया

डॉ. सुमतीताईंना मी प्रथम पाहिलं ते मंठा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात. मी तिथं नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. ताई जिल्ह्याहून पाहणीला आल्या होत्या. दवाखान्यातल्या बाळंतपणांत आमचा तालुका पुढे होता, हे मी अभिमानानं सांगितलं. ताईंनी विचारलं, "यात तांड्यावरच्या किती?" ते कुणी वेगळं मोजलेलंच नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही तांड्यावर गेलो. जीप फाट्यापर्यंतच जायची, पुढे पायवाट. तिथल्या शेवंताबाई म्हणाल्या, "दिवाळी झाली की आमी ऊस तोडायला जातो. तिथली सिस्टर म्हणती तुमी इथल्या न्हाई. मंग बाईनं बाळंत व्हावं कुठं?"

त्यानंतर ताईंनी वस्तीवार मोजणी सुरू केली. कोण कुठं बाळंत झाली, वाहन मिळालं का, एवढंच विचारायचं. चांगल्या सरासरीखाली तांडे आणि शेतवस्त्या झाकून गेल्या होत्या. बैठकीत एका वरिष्ठांनी त्यांना समजावलं, की तालुक्याचं चांगलं नाव कशाला घालवता. नाव राहील, बाई जाईल, असं ताई आवाज न चढवता म्हणाल्या. तांड्यांसाठी गाडी आणि ऊसतोडीआधी तपासणी मागणारा त्यांचा प्रस्ताव मात्र पडून राहिला.

पुढच्या हंगामात शेवंताबाईंची सून रेखा उसाच्या फडावर अडली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली, बाळही गेलं.

मग गाडी मंजूर झाली. ऊसतोडीला निघण्याआधी गरोदर बायांची तपासणी आणि जातील तिथल्या दवाखान्याला आधी कळवणं सुरू झालं. उद्घाटनाचा कार्यक्रम सोडून ताई तांड्यावर गेल्या. शेवंताबाई म्हणाल्या, "चांगलं झालं, बाई. आमच्या रेखाच्या टायमाला पायजे होतं." ताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

पुढे कितीतरी जणी सुखरूप घरी आल्या. तरी कुणी कौतुक केलं की ताई विषय बदलतात. एकदाच मला म्हणाल्या, "मला मोजता आलं गं, वेळेत ऐकवता आलं नाही." खरं तर न ऐकणारे आपण सगळे होतो. सल मात्र त्यांनी एकट्यांनी बाळगला.

ताईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. या गौरवग्रंथाची परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "दीर्घायुष्य मागणारच असाल तर त्या बायांसाठी मागा. माझ्या वयाची एक तरी तांड्यावर दिसते का?"

म्हणून ताई, आज दोन्ही मागतो. आपल्याला निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि ती लाभणाऱ्या आपण एकट्याच नसाव्यात.